आईच्या ड्रॉवरमधल्या पाच सुऱ्या

आईच्या हाती यापुढं सुरी द्यायची नाही, असा हुकूम दादानं काढला, तेव्हा मी शिरूरला माझ्या शिवणाच्या दुकानात एका नवरीच्या ब्लाउजला हुक लावत बसले होते. वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे दादाची बायको. जीव लावणारी बाई, पण फोनवर आधी रडून घेतल्याशिवाय मुद्द्यावर यायची नाही. तिचं रडणं संपेस्तोवर माझे हुक लावून झाले. मग कळलं, की आईनं स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये हात घातला. आत सुऱ्या, सांडशी, झारा, सोलाणं, करंजीचं कातणं असा सगळा गोतावळा एकावर एक पडलेला. उजव्या हाताचं मधलं बोट चांगलंच कापलं, टाके पडले. दादा ड्युटीवरून आला, फरशीवरचं रक्त बघितलं, आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या गोळा करून कपाटावर ठेवून मोकळा झाला.

दादाला काही बोलायची सोय नाही. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी बघतो. हेल्मेट घाला, ग्लोव्हज घाला, इथं उभं राहू नका, तिथं हात लावू नका, असं दिवसभर सांगून सांगून त्याला आता घरातसुद्धा माणसं दिसत नाहीत, अपघात दिसतात. गॅसचा पाइप हुंगून बघितल्याशिवाय चहा पीत नाही. लहानपणीही तसलाच. स्वतः चिंचेवर चढायचा आणि फांदीवरून आम्हालाच ओरडायचा, खाली थांबू नका म्हणून. त्यामुळं हुकमाचं मला नवल वाटलं नाही. पण आईला सुरी नाही म्हणजे आईला स्वयंपाकघर नाही, आणि आईला स्वयंपाकघर नाही म्हणजे तिला काहीच नाही, हे त्या शहाण्याच्या हेल्मेटात शिरत नव्हतं.

आईच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. उजेड आहे की अंधार, दारात कुणी उभं आहे की नाही, एवढंच तिला उमगतं. डॉक्टरांनी हात टेकले त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्याही आधी गुडघ्यांनी तिची विळी सोडवली होती. खाली बसता येईना, म्हणून ती ओट्याशी उभी राहून सुरीनं चिरायला शिकली. मग डोळे गेले, तरी चिरायची थांबली नाही. वरवंडला चर्चमधली रविवारची उपासना सुटली की आमच्याकडं कुणी ना कुणी जेवायला असायचंच, आणि ती माणसं आईच्या मटणाच्या रश्श्यासाठी यायची हे पाळकांनासुद्धा ठाऊक होतं. प्रवचन लांबलं की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू व्हायची. हा रस्सा ती डोळे गेल्यावरही तिच्या हातानं, तिच्या सुरीनं करत होती.

पुढच्या रविवारी मी न्हावरा, चौफुला करत वरवंड गाठलं. आई पुढच्या खोलीत कॉटवर बसली होती. बोटाला पांढरी पट्टी, मांडीवर ताट, ताटात लसूण.

"सलाम, आई."

"सलाम. ये. बघ, लसणीवर बसवलंय मला."

आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. आमच्या आईला राग आला की अर्ध्या आळीला कळायचं. पण ती हळू बोलली, पाहुण्यांसमोर बोलावं तशी. जेवताना तिनं अर्धी भाकरी तशीच ठेवली. वहिनीनं रस्सा चांगला केला होता, उगीच नावं कशाला ठेवू. आई "बरा झालाय" म्हणाली आणि हात धुवायला उठली.

"रोज असंच हाय, वन्सं," वहिनी माझ्या कानाशी म्हणाली. "दोन घास खात्यात आन् उठत्यात. दिवसभर त्या कॉटवर. बोलतबी न्हाईत. मला भ्या वाटतंय. ह्या अशानंच जायच्या एक दिवस."

माझं डोकंच फिरलं. दादा सोप्यात बसून दात कोरत होता. मी जाऊन त्याच्यापुढं उभी राहिले.

"दादा, आईच्या सुऱ्या खाली काढ."

"न्हाई. रिस्क हाय."

"अरे, घर आहे हे. तुझा प्लांट नाही!"

"तायडे, आज बोट गेलंय, उद्या मनगट जाईल. ॲक्सिडेंट झालाय. त्याचं रूट कॉज काढल्याबिगर मी परमिशन देनार न्हाई."

"मग वहिनींनी सुरी काढून आईच्या हातात द्यावी. ड्रॉवरमध्ये हात घालायलाच नको."

यावर वहिनीच दचकली. "अगं बाई! सुरी हातात कशी देऊ? भांडान व्हतं."

खरंच आहे. आमच्याकडं सुरी, कात्री, मिरची कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. पाळकांनी एकदा भर उपासनेत सांगितलं होतं, की ही अंधश्रद्धा आहे, ख्रिस्ती माणसानं असलं काही मानू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि घरी येऊन सुरी खालीच ठेवली. इतकी वर्षं एका घरात राहून सासूसुनेचं एकदाही वाजलं नव्हतं, आणि दोघींनाही वाटायचं ते त्यामुळंच. आता वहिनी ओट्यावर ठेवणार, आई चाचपत उचलणार, आणि पहिल्यांदा हाताला काय लागेल, मूठ की पातं, हे देवालाच ठाऊक.

मी रागारागानं स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखालचा तो ड्रॉवरच ओढून काढला. आणून दादाच्या पायाशी ठेवला. आत सांडशीत झारा अडकलेला, झाऱ्यात कातणं, खाली दोन चमचे आणि एक लायटर.

"हे घे तुझं रूट कॉज," मी म्हणाले.

दादानं वाकून सांडशीतला झारा सोडवून बघितला. सेफ्टीवाला झाला तरी माणूस प्रामाणिक आहे. शेवटी म्हणाला, "बरं. सुऱ्यांना ह्यात पक्की जागा कर. धार कुनाच्या हाताला लागता कामा नये. मी ट्रायल घेनार. पास झालं तर सुऱ्या खाली येतील. न्हाई झालं तर इषय बंद, परत काडायचा न्हाई."

आई कॉटवरून सगळं ऐकत होती. लसूण सोलायची ती थांबली होती.

आता जागा करायची म्हणजे काय, हे मला शिरूरला परत येतायेता बसमध्ये सुचलं. पुण्यात एका गिऱ्हाइकाच्या फ्लॅटवर मी फॉल लावलेल्या साड्या द्यायला गेले होते, तिथं तिनं ड्रॉवर उघडला आणि मी बघतच राहिले होते. ड्रॉवरच्या तळाशी लाकडाच्या पट्ट्या उभ्या शेजारी शेजारी लावलेल्या, दोन पट्ट्यांमध्ये पात्यापुरती फट. प्रत्येक फटीत एक सुरी निजवलेली, धार खाली लाकडात बुडालेली, मूठ पुढं आपल्याकडं. वरून हात फिरवला तरी हाताला फक्त मुठी आणि लाकूड लागणार. तसलंच करायचं ठरवलं. विकत मिळतं म्हणे, पण त्याला आईचा ड्रॉवर ठाऊक नाही आणि आईच्या सुऱ्याही.

माझ्या दुकानाशेजारी एका राजस्थानी मिस्त्रीचं फर्निचरचं दुकान आहे. सतत बोलतो, स्वतःच्याच कामावर खूश असतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "दीदी, आप सिलाई करो, ये मैं आधे घंटे में ठोक दूंगा." मी म्हटलं, ठोकायचं नाही आणि तूही करायचं नाहीस, मीच करणार. फक्त तुझं टेबल दे, करवत दे आणि तोंड बंद ठेव. तोंड सोडून बाकी सगळं त्यानं दिलं.

लाकूडही त्याच्याकडंच मिळालं. कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या चौकटीचे सागाचे तुकडे कोपऱ्यात पडले होते. वरून काळे, तेलकट, खिळ्यांनी भोकं पडलेले. मला वाटलं, ह्यात काय जीव असणार. पहिला तुकडा करवतीखाली घातला आणि आतून जो रंग निघाला, काय सांगू! मधासारखा पिवळा, आणि वास असा, जणू झाड आत्ताच पाडलंय. त्या घरात किती माणसं जन्मली असतील, किती गेली असतील, त्या चौकटीतून किती नवऱ्या आत आल्या असतील, आणि हे लाकूड आत तसंच ताजं. मी हातातली करवत ठेवून नुसती हुंगत बसले. मिस्त्री हसला, पण मला खरंच भरून आलं होतं. मी आयुष्यभर कापड हाताळलंय. कापड धुतलं की विटतं, उन्हात टाकलं की जातं. हे असलं काही मी पाहिलं नव्हतं.

पण मापं? ड्रॉवर वरवंडला, मी शिरूरला. त्या दिवशी भांडण्याच्या नादात माप घ्यायचं राहूनच गेलं होतं, टेप पर्समध्ये असून! वहिनीला फोन लावला तर उचलला आईनं. वहिनी फोन घरीच ठेवून अंगणवाडीत कामाला गेलेली.

"वहिनी आल्या की ड्रॉवर मोजायला सांग," मी म्हटलं.

"तिला कशाला? मी मोजती की. थांब." फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग ड्रॉवर ओढल्याचा, मग बराच वेळ काही नाही. "लिवून घे. उजव्याला पट्टी हाय, डाव्या हातानं मोजलंय. रुंदीला वीत आन् चार बोटं. लांबीला दोन वीत आन् दोन बोटं. खोली पाच बोटं, पर वरनं एक बोट सोड, न्हाईतर ड्रॉवर लावताना मुठी घासतील."

किती दिवसांनी तिचा आवाज असा खणखणीत ऐकला होता! त्या आनंदातच मी फोन ठेवला, लाकडावर पंजा पसरला आणि आखून मोकळी झाले.

मी टेलर आहे हो. इंचाच्या आठव्या भागावरून मी बायकांशी भांडते. पण आईनं वीत म्हटलं आणि माझा हात आपोआप पसरला, त्याला कारण आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं तिचा तळहात माझ्या तळहाताला लावून बघितला होता. बोटाला बोट बरोबर जुळलं. "झाली माज्याएवढी," म्हणाली होती. तेव्हापासून आईची वीत ती माझी वीत, हे माझ्या डोक्यात पक्कं. वहिनीची वीत असती तर मी टेप मागितला असता.

पट्ट्या कापल्या, रंध्यानं साफ केल्या, पॉलिश पेपरनं घासल्या. फट किती ठेवायची हे कळेना, म्हणून वहिनीला सुऱ्या कपाटावरून काढून पात्यांची जाडी मोजायला लावली, ह्या वेळी टेपनं. आईच्या पाच सुऱ्या. एक कांद्याची, रोजची. एक टोमॅटोची, करवतीच्या दातांची. एक छोटी, लाल मुठीची, फळांची. एक बाजारातल्या लोहारानं जुन्या करवतीच्या पात्यापासून करून दिलेली, पातळ, तिनं आई कोथिंबीर चिरायची. आणि एक मटणाची, जड, लाकडी मुठीची. मी त्यांच्या जागा उंचीनं लावल्या, लहानीपासून मोठीपर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करतात तशा. मुठींखाली मखमलीची पट्टी चिकटवली, एका वधूच्या ब्लाउजमधली उरलेली, म्हणजे ड्रॉवर जोरात ओढला तरी सुरी घसरायची नाही. झाल्यावर मिस्त्रीनंही दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं.

रविवारी ते ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन गेले. निमोण्याची एक बाई शेजारी बसली होती, तिनं विचारलं, "बाळ हाय व्हय?" मी म्हटलं, तसंच समजा.

वरवंडला दादा तयारच होता. ड्रॉवर ओढला, मी ते वरून धरलं, आणि ते आत जाईना. तिरकं केलं, दाबलं, उलटं केलं. रुंदीला मोठं, लांबीला मोठं. दादा असा हसला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"फेल!" म्हणाला. "आन् म्हनं टेलर!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. "आई, तूच चुकीचं माप दिलंस," मी ओरडले.

आई कॉटवरून उठून भिंतीला धरत आली. ते लाकूड हातांनी बघितलं, ड्रॉवर बघितला. मग म्हणाली, "माप माझं बराबर हाय. तू तुज्या हातानं घेतलंस. आन हात हिकडं."

तिनं तिचा डावा तळहात माझ्या तळहाताला लावला. मनगटाला मनगट जुळवलं. तिची करंगळी माझ्या करंगळीच्या वरच्या पेरापर्यंतसुद्धा पोचली नाही. बोटांचे सांधे गाठाळलेले, पंजा पुरता उघडतही नव्हता.

"आई, तुझा हात..."

"आटला," ती म्हणाली. विहिरीबद्दल बोलावं इतक्या सहज.

मी पर्समधला टेप काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या हाताचं माप घेतलं. तिची वीत, तिची चार बोटं, पाच बोटं. गुणून, मिळवून जो आकडा आला तो धरून टेप ड्रॉवरमध्ये लावला. रुंदीला सुताचा फरक नाही. लांबीला नाही. खोलीला नाही. मी परत लावला. दादानं माझ्या हातातून टेप ओढून घेऊन स्वतः लावला. जखमी हात बाजूला ठेवून, न उघडणाऱ्या पंजानं, जे दिसत नाही ते हिनं असं मोजलं होतं, की त्यात काढायला घालायला जागा नव्हती. मी तिच्याकडं बघत राहिले. ही बाई गेले कितीतरी दिवस कॉटवर बसून लसूण सोलत होती!

"गप का झालीस? मोठं झालंय ते बरं झालं," आई म्हणाली. "बारकं झालं असतं तर काय केलं असतंस? कापून आन. आन् ह्या सुऱ्यांच्या जागा अशा उंचीनं कुनी लावल्या? मी काय उंचीनं सैपाक करती?"

मग तिनं सांगितलं तसं. आधी कांदा, म्हणून कांद्याची सुरी पहिली, उजव्या कडेला. मग टोमॅटोची. मग मटणाची मधे, कारण ती जड, ड्रॉवर एका बाजूला ओढत नाही. मग कोथिंबिरीची, आणि फळांची शेवटी, ती घरात कुणीही उचलतं. आणि दोन मुठींच्या मधे तिचं एक बोट मोकळं जायला हवं. मी म्हटलं, मुठींवर खुणा करू का, खाचा पाडू का, म्हणजे हाताला कळेल कुठली ती. त्यावर मात्र आमची जुनी आई परत आली.

"खुना? मला काय येडी समजतीस? माज्या सुऱ्या मला वळखू येत न्हाईत व्हय?"

परत शिरूर. पट्ट्या कमी केल्या, पुन्हा जोडल्या. मिस्त्री म्हणाला, "दीदी, लकडी कपडा नहीं है, काट दिया तो काट दिया." ठाऊक होतं मला. कापडात आत माया, म्हणजे जास्तीची पट्टी, ठेवता येते, चुकलं तर उसवता येतं. इथं प्रत्येक काप घेताना माझा श्वास अडकायचा, कारण ह्याच रविवारी ट्रायल, आणि दादा शब्दाचा पक्का. नापास झालं तर त्यानं सुऱ्या पुन्हा कधीच खाली दिल्या नसत्या.

त्या रविवारी उपासनेहून आलो आणि कपडेही न बदलता सगळे स्वयंपाकघरात. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. हलका दाब दिला आणि ते असं आत बसलं, की सुस्कारा टाकल्यासारखा हवेचा आवाज आला. वहिनीनं टाळ्याच वाजवल्या. दादानं सुऱ्या कपाटावरून काढून एकेक फटीत निजवल्या, ड्रॉवर दोनतीनदा जोरात ओढला, ढकलला, तळहात वरून फिरवला. कुठं धार लागेना.

आई ओट्याशी उभी राहिली. नव्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. "आधी प्रार्थना," म्हणाली. आम्ही डोळे मिटले. "प्रभू, ह्या घरावर तुजी कृपा राहू दे. आन् माज्या ह्या पोराला वाईच अक्कल दे. आमेन."

"आमेन," आम्ही दोघी दादापेक्षा मोठ्यांदा म्हणालो.

"कांद्याची," दादा म्हणाला. आईनं ड्रॉवर ओढला, हात वरून खाली आणला, मूठ धरली, सुरी बाहेर. "टोमॅटोची." बाहेर. "मटनाची. फळाची." तो भराभर सांगत गेला आणि तिचा हात चुकला नाही, अडखळला नाही. बोटावरची जखम अजून लाल होती, पण त्या हातात जराही भीती नव्हती. प्रत्येक सुरी परत ठेवताना ती पात्याची सपाट बाजू लाकडाला टेकवून सरकवायची, फट सापडली की पातं आपोआप आत जायचं. कुणी सराईत वाजवणारा पेटीवर बोटं ठेवतो तसं होतं ते.

"पास!" मी म्हणाले.

"थांब." दादानं आवाज न करता तीन सुऱ्या उचलल्या आणि चुकीच्या फटींत ठेवल्या.

"लबाडी!" मी ओरडले. "दादा, ही लबाडी आहे!"

"लबाडी न्हाई. घरात मी हाय, आळीतली पोरं येत्यात, पावनं येत्यात. कोन कुटं काय ठेवील सांगता येतंय का? आई, काड कांद्याची."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. आईनं हात खाली आणला, पहिल्या मुठीवर ठेवला आणि थांबली. मी घाबरले. वहिनीनं माझा दंड धरला. आईनं मूठ उचललीसुद्धा नाही, नुसती बोटांत जराशी हलवली.

"मटनाची हितं कुनी आनली रं?" ती म्हणाली आणि हसायला लागली. मोठ्यांदा, पूर्वीसारखी. मग तिनं एकेक मूठ चाळवून सगळ्या सुऱ्या आपापल्या जागी नेल्या, कासाराच्या दुकानात बांगड्या लावाव्यात तशा, आणि ड्रॉवर लावून टाकला. "अजून काय बगायचंय का, सायेब?"

दादा पुढं आला, ड्रॉवर उघडला आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले. आम्हाला कळेना काय चाललंय. त्यानं हात पुढं केला. ड्रॉवरच्या वर वीतभर अंतरावर तो हात थांबला आणि खाली जाईना. सुऱ्या कुठं आहेत हे त्यानंच आत्ता बघितलं होतं, धार लाकडात आहे हे त्यानंच तपासलं होतं, तरी. एक बोट खाली गेलं, लाकडाला लागलं आणि चटका बसावा तसं मागं आलं. इतका मोठा बाप्या, कंपनीत शेकडो माणसांना दरडावणारा, आणि घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

आईला ते कसं कळलं मला ठाऊक नाही. तिनं चाचपून त्याचं मनगट धरलं. "भिऊ नगं," म्हणाली. "हात सैल सोड. मी हाय." आणि त्याचा हात हळूहळू खाली नेऊन कांद्याच्या सुरीच्या मुठीवर ठेवला. दादानं सुरी धरली. बाहेर काढली. पण डोळे उघडले नाहीत.

"आई," तो म्हणाला, "लई अंधार हाय गं."

"व्हय," आई म्हणाली. "लई हाय."

आईनं सरळ त्याच्या हातातूनच सुरी काढून घेतली, खाली ठेवायची वाटही बघितली नाही.

"पर कांदा चिरताना न्हाई वाटत," ती म्हणाली. "जा, कांदं आन. मोठं बगून आन."

दादा डोळे पुसत मागच्या पडवीत गेला, जिथं आमचे कांदे पसरलेले असतात. आईनं ओटा हातानं झाडून घेतला, चिरायचा पाट मांडला, सुरीची धार अंगठ्यानं हलकेच बघितली. तेल तापायला ठेव म्हणाली, वहिनीनं ठेवलं. तेल तापलं, धूर यायला लागला, गॅस बारीक केला. दादाचा पत्ता नाही. पडवीतून नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा येत होता.

आईनं मान वळवून मागच्या दाराकडं तोंड केलं.

"आरं ए," तिनं अर्ध्या आळीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "कांदं आनाया गेलायस का लावाया?"